गळका रेडिएटर घरच्या घरीं कसा बदलावा

नांगराचा फाळ बोथट झाला किंवा गाडीचा आंख मोडला, तर त्यावर उपाय करणारा लोहार-सुतार पूर्वीं गांवांतच असे, आणि दोन प्रहरांत काम उरकून बैल पुन्हां शेतांत जात. आतां पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं मोटार, जीप किंवा ट्रॅक्टर उभा असतो. तो बिघडला म्हणजे कारागीर तालुक्याच्या गांवीं, यंत्र आपल्या वाड्यांत, आणि काम शेतांत अशी तिहेरी अडचण होते. यंत्राची प्रत्येक दुरुस्ती घरीं करतां येईल असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु कांहीं कामें अशीं आहेत कीं त्यांस विशेष विद्या लागत नाहीं. चार हत्यारें, स्वच्छता आणि उतावीळ न होण्याचा गुण इतकी सामग्री पुरते. गळका रेडिएटर काढून त्याजागीं नवा बसविणें हें त्यांपैकीं एक काम होय. तें कसें करावें, त्यांत धोके कोणते, आणि तें केव्हां करूं नये, याचा विचार आम्ही या पाठांत क्रमानें करणार आहों.

रेडिएटराचें कार्य

इंजिनांत जें तेल जळतें त्याच्या उष्णतेपैकीं स्थूलमानानें एक तृतीयांश भागच चाकें फिरविण्याच्या उपयोगीं पडतो. जवळजवळ तितकाच भाग धुराबरोबर निघून जातो, आणि राहिलेल्यापैकीं बहुतेक भाग इंजिनाच्या भिंतींत शिरतो. ही उष्णता बाहेर काढली नाहीं तर वंगण जळतें, दट्टे सिलिंडरांत अडकतात, आणि इंजिनाचें डोकें वांकडें होऊन निकामी होतें. म्हणून इंजिनाच्या भिंतींत पोकळ्या ठेवून त्यांतून पाणी खेळवितात. तापलेलें पाणी वरच्या रबरी नळीनें रेडिएटरांत येतें, तेथील बारीक नळ्यांतून वाहतांना थंड होतें, आणि दुसऱ्या नळीनें पुन्हां इंजिनांत जातें. नळ्यांना पातळ पत्र्याचे पंख जोडलेले असतात. त्यांच्यामुळें वाऱ्यास उष्णता घेण्यास पुष्कळ पृष्ठभाग मिळतो. गाडी चालत असतांना वारा आपोआप लागतो. ती उभी असतां पंखा तें काम करतो.

मोटारीच्या प्रारंभीं ही सोय नव्हती. कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या गाडींत पाणी उकळून वाफ होऊन जात असे. १८८८ सालीं त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ यांनीं जर्मनींत मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत त्या बनावटीच्या गाडींतून जो प्रसिद्ध प्रवास केला, त्यांत वाटेंत वारंवार पाणी भरावें लागलें. पुढें विल्हेल्म मायबाख यांनीं मधमाशांच्या पोळ्यासारखा, आठ हजारांवर लहान नळ्यांचा रेडिएटर तयार केला, व तो १९०१ सालच्या मर्सिडीझ गाडींत बसविला. आजचे रेडिएटर त्याच कल्पनेची सुधारलेली रूपें होत.

दोन लहान भागांची ओळख येथेंच करून घ्यावी. पहिला थर्मोस्टॅट. ही एक झडप आहे. इंजिन थंड असतां ती बंद राहते, आणि पाणी सुमारें ८० ते ९० अंश सेल्सिअस तापलें म्हणजे उघडते. दुसरा भाग म्हणजे झांकण. तें केवळ बूच नव्हे. आंतील दाब राखण्याचें तें साधन आहे. साध्या पातेल्यांत पाणी १०० अंशांवर उकळतें. झांकणानें सुमारें एक वातावरणाइतका अधिक दाब ठेवला म्हणजे तेंच पाणी जवळजवळ १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. उलट, उंच ठिकाणीं हवेचा दाब कमी असल्यामुळें पाणी लवकर उकळतें. महाबळेश्वरासारख्या सुमारें साडेतेराशें मीटर उंचीवर तें ९५-९६ अंशांवरच उकळूं लागतें. झांकण सैल झालेली गाडी घाट चढतांना कां उकळते, याचें एक कारण यावरून ध्यानांत येईल. पुष्कळ नव्या गाड्यांत रेडिएटरावर झांकण नसून तें शेजारच्या प्लास्टिकच्या टाकीवर असतें. त्याचें कार्य मात्र तेंच.

गळती कोठें आहे तें आधीं ठरवावें

पाणी कमी होतें एवढ्यावरून रेडिएटर दोषी ठरवूं नये. नवा रेडिएटर आणून बसविला आणि गळती नळीची निघाली, तर पैसा व श्रम दोन्हीं फुकट जातात. रात्रीं गाडी सपाट जागीं उभी करून तिच्या पुढील भागाखालीं कोरा पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळीं डाग कोठें पडला आहे तें पाहून त्याच्या सरळ वर शोध घ्यावा. गाडी चालून आली असेल तर थेंब वाऱ्यानें मागें सरकलेला असतो, हेंही लक्षांत असावें.

रेडिएटराच्या पंखांवर पांढरी, हिरवी किंवा तांबूस खपली बसली असेल, अथवा प्लास्टिकची टाकी व धातूचा गाभा यांच्या सांध्यावर ओल दिसेल, तर दोष रेडिएटराचा आहे. नळीच्या टोंकाशीं ओल असेल तर आधीं क्लिप आवळून पाहावी. पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक भोंक असतें. त्यांतून पाणी ठिबकत असेल तर पंपाचें आंतील सील गेलें असें समजावें. गाडींत पुढच्या आसनापुढें पायांखालीं ओल येते, काचेवर चिकट वाफ धरते व गोडसर वास येतो, तेव्हां गळती आंतील हीटरच्या लहान रेडिएटराची असते. बाहेर कोठेंच ओल नसून पाणी मात्र घटतें, धूर पांढरा येतो, रेडिएटरांत सारखे बुडबुडे उठतात किंवा वंगण दुधासारखें होतें, तर इंजिनाच्या डोक्याखालील गॅसकेट फुटली असण्याचा संभव आहे. अशी गाडी चालवूं नये. ती जाणत्या कारागिराकडेच न्यावी.

गळती लहान म्हणून तिची उपेक्षा करणें महागांत पडतें. सेकंदास एक थेंब एवढीच गळती धरूं. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असें मानल्यास तासाला १८० मिलिलिटर, म्हणजे दिवसरात्रींत चार लिटरांहून अधिक पाणी जातें. पुष्कळ लहान मोटारींत मुळांत पाणीच इतकें मावतें. शिवाय पाणी अगदीं कमी झालें म्हणजे उष्णता दाखविणाऱ्या कांट्याचा भरंवसा राहत नाहीं; त्याचें टोंक पाण्यांत बुडालेलें नसेल तर इंजिन जळत असतांही कांटा खालींच राहूं शकतो.

डाख लावावा कीं बदलावा

तांब्यापितळेच्या जुन्या रेडिएटरास डाख लावून गळती बंद करतां येते, आणि चांगला डाखवाला मिळत असेल तर तो मार्ग उत्तम. हल्लींच्या बहुतेक मोटारींचा रेडिएटर मात्र अॅल्युमिनियमच्या गाभ्याचा व दोन्हीं अंगांस प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसविलेला असा असतो. त्यावर साधा डाख धरत नाहीं, आणि प्लास्टिकला तडा गेला असतां लावलेला लेप दाब व उष्णता यांपुढें फार दिवस टिकत नाहीं. तेथें बदलणें हेंच खरें.

वाटेंत अडकलें असतां रेडिएटरांत हळदीची पूड टाकण्याचा प्रघात चालकांमध्यें आहे. तिनें बारीक भोंक कांहीं वेळ बुजतें हें खरें. परंतु ज्या पुडीनें भोंक बुजतें तीच पूड रेडिएटराच्या व हीटरच्या अरुंद नळ्यांतही बसते. घर गांठण्यापुरताच तो उपाय समजावा, व पुढें सर्व मार्ग धुवून काढावा.

हें काम केव्हां घरीं करूं नये

गाडी हमीच्या मुदतींत असेल तर प्रथम विक्रेत्याकडे जावें. विजेवर किंवा वीज व तेल या दोहोंवर चालणाऱ्या गाडींत नारिंगी रंगाच्या जाड तारा असतात. त्यांतील विजेचा दाब प्राणघातक असतो, तेथें हात घालूं नये. वातानुकूलित गाडींत रेडिएटराच्या पुढें त्यासारखीच दिसणारी दुसरी जाळी असते. तिच्यांत दाबाखालीं वायु भरलेला असतो. ती जाळी जागीं ठेवून रेडिएटर निघत असेल तरच काम हातीं घ्यावें. तिच्या नळ्या सोडाव्या लागत असतील तर तें काम कारखान्याचें समजावें.

लागणारें साहित्य

आपल्या गाडीच्या नमुन्याचा व सालाचा नवा रेडिएटर, वरची व खालची अशा दोन नव्या नळ्या, नव्या क्लिपा, आणि झांकण जुनें असल्यास नवें झांकण, इतकें आधीं आणून ठेवावें. दहा वर्षें वापरलेल्या नळीस नवा रेडिएटर जोडणें म्हणजे नव्या मोटेस जुना नाडा बांधण्यासारखें आहे. हत्यारांत पान्यांचा संच, पेचकस, पक्कड, नरसाळें, रुंद तोंडाचें घमेलें, बूच असलेले दोन डबे, जाड पुठ्ठा व चिंध्या लागतात. हातमोजे असावे. गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका जवळ ठेवावी. कोणता कूलंट व किती घालावा तें तींत लिहिलेलें असतें.

पाण्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आपल्याकडील विहिरींचें व विशेषतः विंधनविहिरींचें पाणी बहुधा जड असतें. हंड्याच्या बुडाशीं जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटराच्या नळ्यांतही बसतो. हा थर उष्णता फारच थोडी जाऊं देतो. शिवाय खारट पाण्यानें अॅल्युमिनियम पोखरलें जातें. पुष्कळ रेडिएटर दगड लागून फुटत नाहींत, असल्या पाण्यानेंच आंतून कुजतात. म्हणून बॅटरींत घालावयाचें शुद्ध पाणीच वापरावें. कूलंट हा द्रव केवळ बर्फाळ मुलुखासाठीं आहे असा गैरसमज पुष्कळांचा आहे. इथिलीन ग्लायकॉल व पाणी समभाग मिसळलें म्हणजे तें उणें ३७ अंशांच्या सुमारास गोठतें हें खरें, व आपणांस त्याचा उपयोग नाहीं हेंही खरें. परंतु त्यानें उकळण्याची सीमा वाढते, आणि त्यांत घातलेल्या द्रव्यांमुळें धातूस गंज चढत नाहीं. हा दुसरा गुण आमच्या हवेंत अधिक मोलाचा आहे. कूलंटाची जात रंगावरून ठरवूं नये, कारण रंग कारखानदार आपल्या मर्जीनें घालतो. दोन जाती एकांत मिसळूंही नयेत.

कामास आरंभ

पहिला नियम हा कीं इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय झांकणास हात लावूं नये. आंतील पाणी शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळें उकळत नसतें. झांकण उघडतांच दाब नाहींसा होतो, पाण्याची क्षणांत वाफ होते, आणि तें उकळतें पाणी तोंडावर व छातीवर येतें. झांकणावर ओला कपडा धरून सोडण्याची युक्ति कांहीं जण सांगतात. आम्ही तिची शिफारस करीत नाहीं. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळीं काम सुरू करावें. वरची नळी हातानें दाबून पाहावी. ती थंड व मऊ लागली म्हणजे दाब उरला नाहीं असें समजावें.

गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक ओढावा व मागील चाकांस दोन्हीं बाजूंनीं उटी लावावी. गाडी उचलावी लागली तर ती जॅकवर ठेवून खालीं शिरूं नये. भक्कम घोड्यांवर टेकल्यावरच शिरावें. बॅटरीची ऋण तार सोडावी. विजेचा पंखा इंजिन बंद असतांही आपोआप फिरूं लागतो, आणि त्यांत बोटें सांपडतात, म्हणून ही गोष्ट टाळूं नये. सर्व जोडण्यांची मोबाइलवर छायाचित्रें घेऊन ठेवावीं. नळी कोणत्या मार्गानें जाते हा प्रश्न पुढें पडत नाहीं.

जुना रेडिएटर काढणें

१. खालचें आच्छादन असल्यास तें काढून रेडिएटराखालीं घमेलें ठेवावें. हीटरचा खटका गरम बाजूस करावा. तळाची तोटी सोडावी व मग झांकण काढावें, म्हणजे हवा आंत जाऊन पाणी जोरानें बाहेर येईल. तोटी नसेल तर खालची नळी सोडावी. निघालेलें पाणी मापून डब्यांत भरावें. तें किती निघालें हा आंकडा पुढें उपयोगी पडतो.

२. नळ्यांच्या क्लिपा सैल करून मागें सरकवाव्या. नळी चिकटून बसली असेल तर ती थोडी पिळून सोडवावी. पेचकसानें उचकटूं नये, कारण प्लास्टिकची तोटी तत्काळ मोडते. नळी टाकूनच द्यावयाची असेल तर सुरीनें तिला उभा छेद द्यावा. मात्र सुरीची रेघ इंजिनाच्या बाजूच्या तोंडावर उठूं देऊं नये.

३. पंख्याच्या तारांची जोडणी कळ दाबून सोडावी. तार धरून ओढूं नये. पंखा त्याच्या चौकटीसह वर काढावा.

४. आपोआप बदलणाऱ्या गियरच्या कांहीं गाड्यांत गियरचें तेलही रेडिएटरांतूनच थंड होऊन जातें. तेथें आणखी दोन बारीक नळ्या दिसतील. त्या सोडतांना खालीं दुसरें भांडें धरावें, तोंडें स्वच्छ चिंधीनें बंद करावीं, आणि गेलेलें तेल मागाहून त्याच जातीच्या तेलानें भरून काढावें.

५. वातानुकूलनाची जाळी रेडिएटरास स्क्रूंनीं जोडलेली असेल तर ते स्क्रू काढून ती जाळी सुतळीनें वरच्या आडव्या पट्टीस बांधून ठेवावी. तिच्या नळ्यांवर तिचा भार पडूं देऊं नये.

६. वरचे दोन आधार काढून रेडिएटर सरळ वर उचलावा. खालीं ज्या रबरी गाद्यांवर तो बसलेला असतो त्या चिकटून वर येतात व कोठें तरी पडतात. त्या मोजून जपून ठेवाव्या.

नवा बसविण्यापूर्वीं

जुना व नवा रेडिएटर शेजारीं शेजारीं ठेवून उंची, रुंदी, जाडी, तोट्यांची जागा व व्यास, खालच्या खुंट्या, आणि पंख्याच्या स्क्रूंचीं भोकें हीं सर्व ताडून पाहावीं. यांत अंतर असेल तर तो परत करावा. ठोकून-वांकवून बसविलेला रेडिएटर गाडीच्या कंपानें लवकरच फुटतो. तोट्यांवरील बुचें काढण्यास विसरूं नये.

पुढील जाळींत किडे, भुसा व धूळ अडकलेली असते. ती इंजिनाच्या बाजूनें पुढें अशा दिशेनें, हलक्या धारेनें धुवावी. जोराच्या फवाऱ्यानें पंख मुडपतात व वाऱ्याचा मार्ग बंद होतो. इंजिनांत राहिलेलें गढूळ पाणीही याच वेळीं काढावें. वरच्या तोंडांतून मंद धारेनें पाणी सोडून खालून स्वच्छ येईपर्यंत धुवावें, व शेवटची धुलाई शुद्ध पाण्याची करावी. थर्मोस्टॅट मिटलेला असल्यामुळें पाणी पुढें जात नसेल तर तो काढून धुवावें आणि नव्या गॅसकेटसह परत बसवावा.

नवा बसविणें

काढण्याचा क्रम उलटा फिरविला म्हणजे बसविण्याचा क्रम होतो. गाद्या जागीं ठेवून, गाभ्यापुढें पुठ्ठा धरून रेडिएटर हळूच खालीं सोडावा. त्याचे पंख नखानेंही मुडपतात, म्हणून ही काळजी. खुंट्या गाद्यांत नीट बसल्या कीं वरचे आधार लावावे. रेडिएटर किंचित् हलला पाहिजे, जखडला जाऊं नये. नळी तोट्यांवर पूर्ण आंत सरकवावी. तोटीच्या टोंकाशीं जो उंचवटा असतो त्याच्या पलीकडे क्लिप बसवावी; उंचवट्यावर बसविलेली क्लिप निसटते. ती घट्ट आवळावी, पण रबर कापेल इतकी नव्हे. तळाची प्लास्टिकची तोटी केवळ बोटांनीं बंद करावी. पंखा बसवून त्याच्या तारा जोडाव्या व पातीं कोठें घासत नाहींत हें हातानें फिरवून पाहावें. सर्व झाल्यावर बॅटरीची तार जोडावी.

पाणी भरणें व हवा काढणें

या कामांतील अर्धें अपयश येथें येतें. इंजिनांत हवेचा गोळा अडकून राहिला तर नव्या रेडिएटरासहित गाडी उकळते, आणि मालक रेडिएटरास दोष देतो.

प्रथम प्रमाण ठरवावें. समजा, पुस्तिकेप्रमाणें सर्व मिळून ६ लिटर मावतात, आणि मिश्रण समभाग पाहिजे. म्हणजे ३ लिटर निर्भेळ कूलंट लागेल. धुलाईचें सुमारें २ लिटर पाणी इंजिनांत राहिलेलें असतें. अशा स्थितींत तयार मिश्रण ओतलें तर तें पातळ होईल. म्हणून आधीं ३ लिटर निर्भेळ कूलंट घालावा, आणि मग उरलेली जागा शुद्ध पाण्यानें भरावी. तयार मिसळून विकतात तो कूलंट वापरावयाचा असेल तर धुलाईचें पाणी पूर्ण निथळूं द्यावें.

नरसाळ्यानें सावकाश भरावें व मधून मधून नळ्या हातानें दाबाव्या, म्हणजे बुडबुडे वर येतील. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून त्यांतून सलग पाणी येईपर्यंत थांबावें. नंतर झांकण उघडें ठेवूनच, हीटर गरम बाजूस करून, इंजिन संथ चालू करावें. पातळी उतरेल तसतसें भरीत जावें. थर्मोस्टॅट उघडला म्हणजे वरची नळी एकाएकीं गरम होते व पातळी पुन्हां उतरते. ती भरून झांकण घट्ट लावावें, आणि पंखा दोनदां सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवावें. पुस्तिकेंत निराळी रीत दिली असेल तर तीच प्रमाण मानावी. या वेळीं प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवून पाहावा. ओल लागल्यास इंजिन थंड झाल्यावर क्लिप आवळावी. कांटा वर चढूं लागला तर इंजिन ताबडतोब बंद करावें. तापलेल्या इंजिनांत थंड पाणी कधींही ओतूं नये. लोखंडास तडा जातो.

पहिली फेरी गांवाभोंवतींच मारावी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं थंड असतां पातळी पाहावी व कमी असल्यास भरावी. एक आठवडाभर रोज सकाळीं ही पाहणी चालू ठेवावी. नवख्या माणसानें अर्धा दिवस मोकळा ठेवूनच या कामास हात घालावा.

ट्रॅक्टराविषयीं

ट्रॅक्टराचें तत्त्व हेंच. कांहीं भेद मात्र आहेत. पंखा बहुधा पट्ट्यानें फिरतो. म्हणून पट्टा सैल असेल तर रेडिएटर चांगला असूनही इंजिन तापतें. रेडिएटर काढण्यापूर्वीं पट्टा तपासावा. रेडिएटर जड असल्यानें उचलण्यास दोन माणसें असावीं. मळणीच्या दिवसांत पुढच्या जाळीवर भुसा बसतो, त्यानें वारा कोंडतो. रोज काम संपल्यावर इंजिन बंद व थंड करून ती जाळी झाडण्याचा नियम ठेवला, तर रेडिएटर बदलण्याचा प्रसंगच लांबतो.

जुन्या पाण्याची विल्हेवाट

आतां ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातें, तिच्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष आग्रहानें वेधूं इच्छितों. इथिलीन ग्लायकॉल हें विष आहे, आणि तें चवीस गोड आहे. या दोन गुणांचा योग फार वाईट. घमेल्यांत उघडें ठेवलेलें हिरवें किंवा तांबडें पाणी कुत्रें चाटतें, वासरूं पितें, आणि सरबत समजून लहान मूलही तोंडास लावतें. प्रथम झिंग आल्यासारखें दिसतें, मग कांहीं वेळ बरें वाटल्याचा भास होतो, आणि आंत मूत्रपिंडें निकामी होत जातात. मध्यंतरीच्या त्या बरेपणावर विसंबूं नये. माणसाच्या पोटांत गेल्याचा नुसता संशय असला तरी त्याच क्षणीं रुग्णालयांत, आणि जनावराच्या बाबतींत पशुवैद्याकडे धांव घ्यावी, व डब्यावरील नांव दाखवावें. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच उपयोगी.

म्हणून काम गोठ्यापासून व हौदापासून दूर करावें. निघालेलें पाणी लगेच डब्यांत भरून बूच लावावें, वर ‘विष’ असें ठळक लिहावें, आणि तो डबा मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा कुलुपाच्या जागीं ठेवावा. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलींत तें कधींही भरूं नये. गटारांत, ओढ्यांत, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर ओतूं नये. असें टाकाऊ द्रव्य घेणाऱ्या कारखान्याकडे तें सोंपवावें. जमिनीवर सांडलें असल्यास कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्यावें, ती माती गोळा करावी, मग जागा धुवावी. जुना रेडिएटर निथळून भंगारवाल्यास द्यावा. त्यांतील तांब्यास व अॅल्युमिनियमास किंमत येते.

उपसंहार

वर सांगितलेल्या कामांत कौशल्यापेक्षां क्रमाचें महत्त्व अधिक आहे. इंजिन थंड करणें, बॅटरी सोडणें, पाणी धरून ठेवणें, तुलना करणें, हवा काढणें, आणि विष बंद करून ठेवणें या सहा गोष्टी ज्यानें सोडल्या नाहींत, त्याचें काम बहुधा बिघडत नाहीं. ज्या शेतकऱ्यास आपल्या बैलाची चाल पाहून त्याचा खूर दुखतो हें कळतें, त्यास आपल्या गाडीखालील एका ओल्या डागाचा अर्थ लावणें कठीण नाहीं. तो डाग दिसतांच पाहावा. सुगीच्या ऐन दिवसांत उकळलेल्या इंजिनापुढें बसण्यापेक्षां, सवडीच्या सकाळीं एक पुठ्ठा पसरणें पुष्कळ स्वस्त पडतें.